रक्ताच्या गुठळीचा पूर्वेतिहास आणि त्याची सांकेतिक नोंद



वार्षिक अहवालात साधारणतः नव्या खाटा, नवी यंत्रे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा परामर्श घेतला जातो. वैद्यकीय अभिलेख विभाग, म्हणजे जुने केसपेपर जपून ठेवणारी आणि त्यांवर संकेतांक घालणारी खोली, यांबद्दल क्वचितच काही लिहिले जाते. ह्या खोलीत रुग्णाची तपासणी होत नाही. तरीही तेथे लिहिलेली वा लिहावयाची राहून गेलेली एक ओळ पुढे रुग्णाच्या जिवाशी निगडित ठरू शकते. हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखात एकच विषय घेतला आहे : ज्या रुग्णास पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, त्याच्या त्या इतिहासाची नोंद.

एक उदाहरण

विषय समजावून घेण्यासाठी एक उदाहरण रचून घेऊ. शिरड शहापूरच्या पंचक्रोशीतील एक भगिनी गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होते. पूर्वी काही आजार होता काय, असे विचारता ती सांगते, "दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी डावा पाय भरून आला होता. नांदेडला नेलं होतं. पोटात इंजेक्शनं दिली, मग गोळ्या चालू होत्या. आता बरं आहे." सासूबाई म्हणतात, "नस दबली होती." पती म्हणतात, "पायात वारं गेलं होतं." त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड ऊसतोडणीच्या हंगामात घर बंद असताना पावसात भिजून गेलेले असते.

आता शल्यचिकित्सकाने काय समजावे? पाय सुजण्याची कारणे अनेक आहेत. हत्तीरोग, संसर्ग, मूत्रपिंडाचा विकार, रक्तक्षय, फुगलेल्या शिरा आणि खोल शिरेतील रक्ताची गुठळी, ह्या सर्वांत पाय भरून येतो. पोटाच्या त्वचेत दिलेली इंजेक्शने आणि पुढे काही महिने चाललेल्या गोळ्या यांवरून गुठळीचा संशय बळावतो, परंतु संशय म्हणजे नोंद नव्हे. जुन्या कागदावर एक स्पष्ट वाक्य आणि त्यासोबत एक संकेतांक असता, तर प्रश्न दोन मिनिटांत सुटला असता.

गुठळी म्हणजे काय?

जखम झाल्यावर रक्त गोठते म्हणूनच मनुष्य जगतो. परंतु हेच गोठणे वाहिनीच्या आत, विनाकारण घडले, तर ते आजाराचे रूप घेते. पायाच्या वा मांडीच्या खोल शिरेत अशी गुठळी झाली की रक्ताचा परतीचा मार्ग अडतो, पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो. खरा धोका त्यापुढचा आहे. गुठळीचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या रोहिणीत जाऊन अडकला, तर श्वास कोंडतो, छातीत कळ येते आणि काही वेळा काही मिनिटांत मृत्यू ओढवतो.

अशी गुठळी का होते, याची मांडणी जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशॉ यांच्या नावाने ओळखली जाते. १८५६ च्या सुमारास त्यांनी ह्या विषयावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. रक्तप्रवाह मंदावणे, वाहिनीच्या अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, अशी ती तीन कारणे होत. विरशॉ यांचा जन्मदिवस १३ ऑक्टोबर हा २०१४ पासून जागतिक रक्तगुठळी जागरूकता दिन म्हणून पाळला जातो.

ही तिन्ही कारणे बाळंतपणात एकत्र येतात. गर्भारपणात निसर्ग प्रसूतीच्या रक्तस्रावाची तयारी म्हणून रक्ताची गोठणशक्ती वाढवतो. वाढलेल्या गर्भाशयाचा दाब पोटातील शिरांवर पडतो. प्रसूतीत, विशेषतः सिझेरियनमध्ये, वाहिन्यांना इजा पोहोचते. प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे म्हणूनच सर्वाधिक जोखमीचे असतात. आपल्याकडे बाळंतिणीचे पाणी तोडण्याची जुनी रीत अनेक घरांतून पाळली जाते. शरीरातील पाणी घटले की रक्त दाट होते आणि गुठळीस अनुकूल परिस्थिती निर्माण होते. बाळंतिणीच्या पायातच नव्हे, तर मेंदूच्या शिरांतही गुठळी होऊन झटके व अर्धांगवायू झाल्याचे रुग्ण भारतातील वैद्यकांना दीर्घकाळापासून परिचित आहेत. बाळंतिणीस पुरेसे पाणी द्यावे आणि लवकर हिंडूफिरू द्यावे, असा आग्रह ह्यासाठीच धरला जातो.

बरा झालेला आजार लिहावयाचा कशासाठी?

उपचार पूर्ण झाले, सूज उतरली, मग जुनी गोष्ट पुन्हा उगाळण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न अनेक नातेवाईक विचारतात. त्याचे उत्तर असे की, एकदा गुठळी झालेल्या व्यक्तीस ती पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असते. शस्त्रक्रिया, दुखापत यांसारखे उघड कारण नसताना ज्यांना प्रथम गुठळी झाली, अशा रुग्णांचा औषध थांबविल्यानंतरचा अनुभव अनेक अभ्यासांतून एकत्र करून पाहिला असता, पहिल्या वर्षात सुमारे १० टक्के आणि दहा वर्षांत सुमारे ३६ टक्के रुग्णांत गुठळी पुन्हा झाल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसून आले. मोठ्या शस्त्रक्रियेसारखे तात्पुरते कारण असलेल्यांत हे प्रमाण बरेच कमी असते. म्हणजे गुठळी झाली होती एवढेच लिहून भागत नाही, ती कोणत्या परिस्थितीत झाली हेही लिहावे लागते.

ह्या एका माहितीवर पुढील अनेक निर्णय अवलंबून असतात.

पहिला निर्णय शस्त्रक्रियेचा. पूर्वेतिहास ठाऊक असल्यास शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ ठेवणारे हेपारिन जातीचे इंजेक्शन योग्य मात्रेत देता येते, रुग्णास लवकर चालते करता येते आणि पायाकडे विशेष लक्ष ठेवता येते.

दुसरा निर्णय पुढील गर्भारपणाचा. अशा स्त्रीस प्रसूतीनंतर सहा आठवडे, आणि काहींना गर्भारपणातही, प्रतिबंधक इंजेक्शने द्यावी लागतात. वॉरफेरिनसारख्या गोळ्या गर्भास अपाय करू शकतात. म्हणून त्या चालू असतील तर गर्भधारणेचा विचार होताच वैद्यांस सांगणे आवश्यक असते.

तिसरा निर्णय कुटुंबनियोजनाचा. माला-डी आणि माला-एन ह्या परिचित गोळ्यांत इस्ट्रोजेन असते. ज्या स्त्रीस खोल शिरेत गुठळी होऊन गेली आहे तिने इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. तांबी बसविण्यास त्या कारणाने अडचण नसते. गावात गोळ्यांचे पाकीट देणाऱ्या परिचारिकेस वा आशाताईस ही गोष्ट कळावी कशी? कार्डावर लिहिलेली असेल तरच.

चौथा निर्णय औषधांचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना वेदनाशामक गोळ्या बेताल घेतल्या, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दात काढणे, स्नायूत इंजेक्शन देणे ह्या साध्या बाबीही अशा रुग्णांत विचारपूर्वक कराव्या लागतात.

संकेतांकांची परंपरा

आजारांस एकसारखी नावे असावीत हा विचार नवा नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे रुग्णालयांच्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात अशी योजना मांडली होती. १८९३ मध्ये शिकागो येथे फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची वर्गीकृत यादी सादर केली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाचा पाया ठरली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे कार्य हाती घेतले आणि सहाव्या आवृत्तीपासून मृत्यूबरोबरच आजारांचाही त्यात समावेश झाला. दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली. तथापि एका आवृत्तीतून दुसरीत जाण्यास प्रत्येक देशाला बराच अवधी लागतो. आपल्याकडील पुष्कळ अभिलेख आजही दहाव्या आवृत्तीच्या संकेतांकांनी बांधलेले आहेत, म्हणून येथे तिचीच उदाहरणे दिली आहेत.

ह्या पद्धतीत प्रत्येक आजारास एक अक्षर व काही अंक मिळतात. अक्षरावरून प्रकरण ओळखावे. रक्ताभिसरणाच्या आजारांस आय हे अक्षर आहे. फुप्फुसात अडकलेल्या गुठळीस आय २६, पायाच्या खोल शिरेतील गुठळीस आय ८०.२ आणि अन्य शिरांतील गुठळीस आय ८२ हा गट आहे. गर्भारपण व बाळंतपण यांसाठी ओ हे अक्षर आहे. गर्भारपणातील खोल शिरेच्या गुठळीस ओ २२.३, तर प्रसूतीनंतरच्या गुठळीस ओ ८७.१ असे लिहितात.

हे सर्व संकेतांक आज असलेल्या आजाराचे आहेत. आजार होऊन गेल्यावर झेड हे अक्षर उपयोगात येते. रक्ताभिसरणाच्या आजाराचा वैयक्तिक पूर्वेतिहास झेड ८६.७ ह्या संकेतांकाने, तर गर्भारपण व बाळंतपणातील गुंतागुंतीचा पूर्वेतिहास झेड ८७.५ ने दर्शविला जातो. रक्त गोठू न देणारे औषध दीर्घकाळ चालू असल्यास त्यासाठी झेड ९२.१ हा निराळा संकेतांक आहे. रक्त गोठण्याची जन्मजात प्रवृत्ती असेल, तर ती रक्ताच्या प्रकरणात डी ६८.५ येथे नोंदली जाते, कारण ती पूर्वेतिहासात न मोडता आयुष्यभर सोबत राहते.

"आहे" आणि "होता" यांतील अंतर

संकेतांक घालताना सर्वाधिक चूक घडते ती वर्तमान आणि भूत यांच्या गल्लतीत. ही चूक दोन्ही बाजूंनी बाधक ठरते.

गुठळी बरी होऊन वर्षे लोटली तरी प्रत्येक भेटीत जुन्या कागदावरून आय ८०.२ असेच उतरवीत गेले, तर कागद म्हणतो की रुग्णास आज गुठळी आहे. त्यावर विसंबून एखादा नवीन डॉक्टर गोळ्या विनाकारण चालू ठेवील आणि रुग्णास रक्तस्रावाचा धोका पत्करावा लागेल. विम्याच्या वा शासकीय योजनेच्या कागदपत्रांतही विसंगती उत्पन्न होईल. शिवाय वर्षाअखेर जिल्ह्यात गुठळीचे किती नवे रुग्ण झाले हे मोजताना एकच रुग्ण चार वेळा मोजला जाईल.

याउलट, गुठळी झालेली असून उपचारांचे पहिले तीन महिनेही पूर्ण झाले नसताना केवळ सूज उतरली म्हणून झेड ८६.७ लिहिले, तर कागद म्हणतो की आजार संपला. मग गोळी बंद केली जाण्याचा संभव असतो आणि तोच काळ सर्वाधिक धोक्याचा असतो.

तिसरी आणि सर्वात सामान्य चूक म्हणजे काहीच न लिहिणे. रुग्ण आज डोळ्यांसाठी आला आहे, पायाची गोष्ट कशास लिहावी, असे वाटून ती ओळ कोरी राहते.

यास्तव नियम सोपा ठेवावा. उपचार चालू आहेत तोपर्यंत आजाराचा संकेतांक. उपचार पूर्ण होऊन आजार उरला नाही, तेव्हा पूर्वेतिहासाचा संकेतांक. आणि केवळ पुन्हा होऊ नये म्हणून गोळी चालू असेल, तर पूर्वेतिहासासोबत औषधाचाही संकेतांक. आजार संपला की नाही हा निर्णय सर्वस्वी डॉक्टरांचा. अभिलेख विभागातील कर्मचाऱ्याने तो तर्काने ठरवू नये. संदिग्ध असेल तेथे केसपेपर परत पाठवून विचारावे.

संकेतांकाची मर्यादा

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. झेड ८६.७ हा संकेतांक फार विस्तृत आहे. रक्ताभिसरणाचा अन्य एखादा आजार होऊन गेलेला मनुष्य आणि पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेली स्त्री, दोघांसही तो लागू पडू शकतो. बाळंतपणातील गुठळीस झेड ८७.५ लिहिले, तर त्यात बाळंतपणाच्या इतर सर्व गुंतागुंती येतात आणि गुठळी दिसेनाशी होते. ही उणीव ओळखून अमेरिकेत २०१५ पासून लागू झालेल्या स्वतंत्र आवृत्तीत झेड ८६.७ चे पोटविभाग केले गेले. तेथे फुप्फुसातील गुठळीच्या पूर्वेतिहासास झेड ८६.७११ आणि इतर शिरांतील गुठळीच्या पूर्वेतिहासास झेड ८६.७१८ असे वेगळे अंक आहेत.

आपल्या देशातही ह्या दिशेने काम झाले आहे. केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१६ मध्ये त्यांत सुधारणा केली. त्यांत आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाबरोबर स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञावलीही स्वीकारली आहे. ह्या संज्ञावलीत "खोल शिरेतील गुठळीचा पूर्वेतिहास" यासारख्या नेमक्या संकल्पनेस स्वतंत्र क्रमांक असतो. भारत २०१४ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा सदस्य झाला आणि मानकांविषयीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुणे येथील सी-डॅक संस्थेत आहे. २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाल्यावर चौदा अंकी आभा क्रमांकाच्या आधारे, रुग्णाच्या संमतीने, एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्या रुग्णालयास पाहता येण्याची सोय निर्माण झाली.

तथापि जे मुळात लिहिलेलेच नाही ते संगणक दाखवू शकत नाही. म्हणून संकेतांकाच्या शेजारी पाच गोष्टी साध्या मराठीत लिहाव्यात : गुठळी कोठे झाली, कोणत्या वर्षी झाली, कोणत्या कारणाने झाली, कोणत्या तपासणीने निश्चित झाली, आणि औषध कोणते व किती काळ घेतले. उदाहरणातील भगिनीच्या कार्डावर "डाव्या मांडीच्या खोल शिरेत गुठळी, दुसऱ्या प्रसूतीनंतर, सोनोग्राफी डॉपलरने निश्चित, गोळी सहा महिने, आता बंद" एवढे असते, तर कोणत्याही गावच्या डॉक्टरास ते पुरले असते.

आपल्या भागात हे अधिक महत्त्वाचे का?

शिरड शहापूर हे गाव औंढा नागनाथ तालुक्यात असून वसमतकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. श्री मल्लिनाथ भगवंतांच्या क्षेत्रामुळे येथे दूरदूरचे भाविक येतात. येथील रुग्ण प्रथम गावात दाखवतो, मग वसमत वा हिंगोलीस जातो, आजार बळावला तर नांदेड किंवा परभणी गाठतो. कामासाठी कुटुंब पुण्याकडे गेले असल्यास उपचाराचा काही भाग तिकडे होतो. म्हणजे एकाच आजाराचा इतिहास चार ठिकाणच्या चार कागदांवर विखुरलेला असतो. प्रत्येक ठिकाणची लेखनाची धाटणी निराळी, अक्षर निराळे, संक्षेप निराळे. अशा स्थितीत संकेतांक ही सर्वांना वाचता येणारी समान लिपी ठरते. नांदेडच्या डॉक्टरांनी लिहिलेला आय २६ पुण्याच्या डॉक्टरांस तोच अर्थ सांगतो.

मृत्यूच्या नोंदीतही ह्याचे महत्त्व आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये रुग्णावर अखेरचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनामूल्य द्यावयाचे असते. त्यावर केवळ "हृदयक्रिया बंद पडली" असे लिहिणे योग्य नव्हे, कारण प्रत्येक मृत्यूत हृदय बंद पडतेच. बाळंतीण फुप्फुसातील गुठळीने दगावली असेल, तर ते तसेच लिहिले गेले पाहिजे. तसे झाले नाही तर तो मृत्यू गणनेत दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्या प्रतिबंधासाठी कोणी योजना आखत नाही.

आप्तेष्टांस विनंती

रुग्णाच्या घरच्यांनी पुढील गोष्टी अगत्याने कराव्यात. डिस्चार्ज कार्ड व डॉपलरचा अहवाल प्लास्टिकच्या पिशवीत, शिधापत्रिकेजवळ ठेवावा आणि मोबाईलमध्ये त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. कोणत्याही आजारासाठी कोणत्याही डॉक्टरांकडे गेल्यास "पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झाली होती" असे स्वतःहून सांगावे. वॉरफेरिन वा ॲसिनोकुमॅरॉलची गोळी चालू असेल, तर रक्ततपासणीचे आयएनआर आकडे तारखेसह वहीत लिहावेत. बहुतेक रुग्णांत हा आकडा २ ते ३ च्या दरम्यान ठेवला जातो. गोळी मनाने बंद करू नये, वाढवू नये. आई, बहीण वा भाऊ यांपैकी कोणास गुठळी झाली असल्यास तेही सांगावे. एका पायास अचानक सूज येऊन तो दुखू लागला, किंवा धाप लागून छातीत दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात यावे.

ही माहिती रुग्णाची खाजगी ठेव आहे. उपचार करणाऱ्यांव्यतिरिक्त ती कोणासही दाखविली जाऊ नये. विशेषतः विवाहयोग्य मुलीस पूर्वी असा आजार झाला असल्यास घरचे तो लपवू पाहतात. त्यांची भीती समजण्यासारखी आहे. परंतु डॉक्टरांपासून लपविल्यास त्याची किंमत त्या मुलीलाच पुढे बाळंतपणात मोजावी लागते.

देणगीदारांस निवेदन

यंत्रावर देणगीदाराचे नाव कोरता येते, नोंदवहीवर कोरता येत नाही. त्यामुळे अभिलेख विभागासाठी साहाय्य मागताना संकोच वाटतो. पण तेथील गरजा साध्या आहेत : वाळवीपासून सुरक्षित लोखंडी कपाटे, एक संगणक, वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, आणि मुख्य म्हणजे संकेतांकांचे प्रशिक्षण घेतलेला, घाई न करणारा कर्मचारी. त्याने नीट लिहिलेल्या एका ओळीमुळे एखाद्या मातेस प्रसूतीनंतर वेळेवर इंजेक्शन मिळाले, तर त्याचा गवगवा होणार नाही. तिला गुठळी होणारच नाही, ती बाळासह घरी जाईल आणि अहवालात लिहिण्याजोगे काही घडल्याचे कोणास जाणवणारही नाही. आपल्या दानाचे असे अदृश्य फळही आपण तितक्याच समाधानाने स्वीकाराल, असा विश्वास वाटतो.